रविवारी गप्प बसणारा सिग्नल

लवणवाडीच्या खोऱ्यात मोबाइल वाजत नाही. नवा पाहुणा आधी सारखा खिसा चाचपतो, मग चिडचिड करतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपल्याला दुपारी छान झोप लागायला लागली आहे. गावकऱ्यांना याचं मोठं कौतुक. पुण्या-मुंबईचे जावई आमच्याकडे येऊन घोरतात, असं ते अभिमानाने सांगतात. चारी बाजूंनी माणदेशातले उघडेबोडके डोंगर, मधे कुसळांचा माळ, आणि त्या माळावर नजर पोचेल तिथवर मांडलेले बुटके अँटेना. न विणलेल्या बाजा उन्हात टाकून ठेवाव्यात तसे ते दिसतात. मेंढ्या त्यांच्या तुटपुंज्या सावलीत रवंथ करतात आणि वारा सुटला की तारा आपल्याशीच गुणगुणत बसतात.

हे अँटेना ऐकण्याचं काम करतात. काय ऐकतात, असं गावात कुणी विचारलं की शरयू काळेल थेट विश्वाच्या पहाटेपासून सुरुवात करायची. फार फार पूर्वी उजेड म्हणून नव्हताच. सगळीकडे नुसता हायड्रोजन वायू, गार आणि काळोखा. मग कुठेतरी पहिला तारा पेटला, मग आणखी पेटले, आणि त्यांच्या उजेडाने त्या वायूत एक बारीकशी खूण उमटली. ती खूण रेडिओलहरींच्या रूपात प्रवासाला निघाली. विश्व पसरत गेलं तशा त्या लहरी ताणल्या गेल्या, आणि आज आपल्यापर्यंत येतात तेव्हा त्या एफएम रेडिओच्या पट्ट्यात येऊन बसतात. म्हणजे जिथे साऱ्या दुनियेची गाणी आणि जाहिराती चालू, नेमकी तिथेच ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात अशक्त हाक. चंद्रावर कुणी लहानसा वॉकीटॉकी चालू केला, तरी ती त्यात बुडून जाईल. म्हणून हे डोंगरांनी वेढलेलं खोरं निवडलं, आणि म्हणून इथे बिनतारी असं काहीच चालत नाही.

"म्हंजे आभाळ कुजबुजणार आणि आम्ही शिंकायचंसुद्धा न्हाय," सरपंच हणमंत गोरड म्हणायचा. शाळेत तो शरयूच्या पुढच्या वर्गात होता, त्यामुळे तिच्या हुद्द्याचा त्याच्यावर काडीचा परिणाम होत नसे.

"खुशाल शिंक. फक्त बिनतारी शिंकू नकोस."

शरयू वेधशाळेच्या व्यत्यय विभागाची प्रमुख होती. नाव भारदस्त, काम पायपिटीचं. बबन विरकरच्या कुंपणाला रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन ठिणग्या टाकायला लागलं की तिच्या पडद्यावर उभ्या रेघा उठायच्या. मग ती सायकल काढायची, सैल झालेली तार आवळून द्यायची, आणि बबनच्या बायकोने केलेला गुळाचा चहा पिऊन परत यायची. तिला हे काम मनापासून आवडायचं. आपण एका झोपलेल्या घराच्या दाराशी राखण करत बसलो आहोत, असं तिला वाटायचं.

मग वेधशाळेत सूप आलं.

सूप म्हणजे पाखडायचं सूप. संगणकातल्या एका यंत्रणेला वेधशाळेतल्या लोकांनी ते नाव दिलं होतं, आणि ते शोभतही होतं. पूर्वी नोंदीत व्यत्यय आला की तेवढा तुकडा कापून बाजूला टाकत, खडा लागला म्हणून अख्खा घास टाकावा तसा. सूप तसं करत नसे. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक यंत्राला स्वतःच्या खोडी असतात. एकाच कारखान्यात एकाच दिवशी बनलेले दोन माईक घ्या. एकाची लहर तो तापला की जरा घसरते, दुसरा चालू होताना किंचित अडखळतो. या खोडींवरून सूप यंत्राला ओळखायचं. मग त्या यंत्राने हवेत काय काय सोडलं असेल त्याची हुबेहूब नक्कल रचायचं, आणि ती नक्कल मूळ नोंदीतून वजा करायचं. उरलं ते आकाश.

गोम इथेच होती. नक्कल जितकी तंतोतंत, तितकं आकाश स्वच्छ. म्हणजे आकाश निवळायचं तर आधी कचरा निवळायला हवा, आणि इतका निवळलेला कचरा याआधी कुणी पाहिलाच नव्हता. कित्येक वर्षांपूर्वी एखाद्या घरात कॉर्डलेस फोनवर कोण कुणाशी काय बोललं, ते शब्दन् शब्द त्या नकलेत येत होतं. हे लक्षात आलं त्या दिवशी शरयूला जेवण गेलं नाही. तिने स्वतः नियम बांधला. सुपाने यंत्र कुठलं आणि दिशा कोणती एवढंच दाखवायचं. आतलं बोलणं कुलपात राहील, ते कुणी ऐकणार नाही, आणि वजाबाकी झाली की नक्कल कायमची नष्ट होईल. ग्रामसभेत उभं राहून तिने गावाला तसा शब्द दिला होता. नकला नष्ट करण्याच्या दिवसाला विभागात सगळे होळी म्हणत.

त्या मोसमात सुपापुढे जुन्या नोंदी आल्या. माळावर पहिले अँटेना उभे राहिले तेव्हाच्या, शरयू शाळेत होती त्या काळातल्या. एका दुपारी वेधशाळेच्या संचालक पळणिटकर मॅडम चहाचा पेला घेऊन तिच्या खोलीत आल्या आणि पडद्याकडे बघून हसायलाच लागल्या.

"अरे वा! सापडला का सरकारी?"

"सरकारी?"

"हा सिग्नल. मी तेव्हा नुकतीच इथे लागले होते. रोज सकाळी सुरू, संध्याकाळी बंद. रविवारी गप्प. दिवाळीत गप्प. मे महिन्यात तर पत्ताच नाही. आम्ही म्हणायचो, हा नक्की सरकारी नोकरीत असणार, हक्काच्या सगळ्या रजा घेतोय. किती वर्षं गाडी घेऊन हिंडलो त्याच्या मागे! घाट उतरलो रे उतरलो की हा बंद." मॅडमनी पेला खाली ठेवला. "आमच्या पहिल्या तीन-चार वर्षांच्या नोंदी याने खाल्ल्या. आता सूप त्या परत देईल म्हणतेस?"

पडद्यावर सुपाने दिशा दाखवली होती: गावाच्या वरच्या अंगाला, पिंपरणीच्या झाडाजवळ. तिथे एकच इमारत होती. रविवारी गप्प बसणारा हा सिग्नल कुणाचा, ते शरयूला सूप यायच्या आधीपासून ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

लवणवाडीच्या शाळेला खोल्या दोन आणि बाई एकच. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. बाई एका खोलीत गेल्या की दुसऱ्या खोलीत बाजार भरायचा. मग कुणीतरी बाईंना गळपट्टीला लावायचा बिनतारी माईक आणून दिला आणि पलीकडच्या खोलीत कर्णा टांगला. काळेल बाई पहिलीला बाराखडी गिरवायला लावून त्याच दमात चौथीला भागाकार सांगायच्या. "हणमंता, मला दिसतंय हां," असं त्या मधूनच म्हणायच्या, आणि भिंतीपलीकडे हणमंत कर्ण्याकडे बघून खरंच थरथरायचा. खोऱ्यात बिनतारी काही चालवायचं नाही हे बाईंना माहीत होतं. पण दोन खोल्यांत एक बाई, हेही कुणाला चालायला नको होतं, आणि ते चाललंच होतं. वेधशाळेची पांढरी गाडी घाटात दिसली की माळावरचा मेंढक्या लांब शीळ घालायचा. सेल काढायला उसंत नसे, चालू माईक तसाच खिचडीच्या तांदळाच्या पत्र्याच्या कोठीत जायचा. बंद पत्र्यातून लहरी बाहेर पडत नाहीत, हे भौतिकशास्त्र गावाला ठाऊक नव्हतं, पण ते इमानेइतबारे लागू पडत होतं.

काळेल बाई म्हणजे शरयूची आई.

---

संध्याकाळी शरयू घरी आली तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. हाताने टरफलं बाजूला करत तिने मान वर केली, ओठ हलवले, आणि तिच्या गळ्यावरची पट्टी अतिशय शुद्ध आवाजात म्हणाली, "मला एक कप चहा हवा आहे."

आईचे ओठ म्हणाले होते, "च्या टाक की गं."

घशाच्या कर्करोगात आईचा आवाज गेला होता. पट्टी तिच्या गळ्याच्या स्नायूंची हालचाल वाचायची आणि शब्द बोलून दाखवायची, पण कारखान्यातून आलेल्या आवाजात. तो आवाज कुठल्यातरी शहरी बाईचा होता, गुळगुळीत आणि नेहमी खूश. आईचं 'न्हाय' त्याला पसंत नव्हतं, तो 'नाही' करून टाकायचा. गावातली पोरं म्हणायची, बाई आता बातम्या देतात. आई सुरुवातीला हसली होती. हल्ली ती पट्टी काढून खुंटीला टांगायची आणि दिवसचे दिवस गप्प राहायची.

पट्टीला माणसाचा स्वतःचा आवाज शिकवता येतो, असं डॉक्टर म्हणाले होते. जुनं बोलणं हवं, स्वच्छ आणि भरपूर. शरयूने सगळं घर पालथं घातलं. खोऱ्यात मोबाइल चालतच नव्हता, त्यामुळे कुणी मोबाइलच्या भानगडीत पडलं नव्हतं. लग्नाच्या चित्रफितीत बँड होता. एका मावशीकडे आईचं एकच वाक्य सापडलं: "पाणी तापलं का बघ." त्या एका वाक्यावर पट्टी काय शिकणार? शरयूने ते इतक्यांदा ऐकलं की शेवटी तिला त्यातलं पाणी ऐकू यायला लागलं.

चहा झाला. शरयूने आईला सगळं सांगितलं. सरकारी सिग्नल, सूप, कुलपात बंद असलेलं बोलणं. "वर्षानुवर्षांचं आहे, आई. तुझे सगळे तास. तुझा आवाज तिथे आहे."

आईने वर पिंपरणीकडे, शाळेकडे पाहिलं. मग पट्टी प्रसन्न आवाजात म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे तुमचं आकाश नासलं."

"आई, मी आवाजाचं बोलतेय."

"मी चोरून वापरला तो माईक. तुला माहीत आहे." आईचे डोळे भरले होते आणि आवाज हसत होता. ते बघवत नव्हतं. "कुलूप उघडायचं नाही, असा शब्द कोणी दिला?"

"मी."

"मग मला कशाला विचारतेस?"

शरयूला राग आला. आयुष्यभर हे असंच, तिला वाटलं. आधी बाई, मग वेळ उरला तर आई. शाळेतसुद्धा तिने सांगून ठेवलं होतं: घरात आई म्हण, इथे बाई म्हणायचं. सहा वर्षांच्या शरयूला ते मान्य नव्हतं. हजेरीत सगळी मुलं 'हजर, बाई' म्हणायची आणि ती तोंड मिटून बसायची. बाई दोनदा नाव घ्यायच्या आणि समोर बसलेल्या पोरीला सरळ गैरहजर मांडायच्या. पहिलीचं सबंध वर्ष शरयू रोज शाळेत गेली आणि सरकारदरबारी कधी गेलीच नाही. हजेरी घेताना आईचा चेहरा कसा असायचा, ते तिला आठवत नव्हतं. ती मान खाली घालून पाटीकडे बघत बसलेली असायची.

दुसऱ्या दिवशी ती सुपापुढे बसली. कुलूप तिनेच घातलं होतं, किल्ली तिच्याकडेच होती. एक कळ दाबली की आई बोलली असती. खोलीत कुणी नव्हतं, खिडकीबाहेर माळ झोपेत होता, आणि कुणाला काही कळलंही नसतं. तिने कळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग ती उठून पळणिटकर मॅडमकडे गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. सरकारी सिग्नल आपल्याच अधिकाऱ्याच्या आईचा निघाला, हे ऐकून त्या आधी अवाक झाल्या आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसणं ओसरल्यावर म्हणाल्या, "मी परवानगी दिली तर ती माझी होईल. शब्द तू गावाला दिला आहेस, शरयू. गावाला विचार. पण होळीच्या आत. ती तारीख मी पुढे ढकलणार नाही, एकदा ढकलली की ढकलतच राहू."

---

ग्रामसभा शाळेच्या अंगणात भरली, उन्हं कलल्यावर. आई पुढच्या रांगेत बसली होती, पट्टी गळ्याला पण मिटलेल्या ओठांनी. शरयूने सगळं उघडउघड मांडलं. गाव आधी खूश झालं. "आमच्या बाईंनी वेधशाळा बंद पाडली हुती व्हय!" असं कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं, विषय संपला.

मग पिठाच्या गिरणीचा दत्तू पिसे उभा राहिला. तो सहसा बोलत नसे.

"शरे, बाईंचा तास उघडला तर आमच्या घरचा कॉर्डलेस फोनबी उघडणार का?"

शरयूला खोटं बोलता आलं असतं. "दिवसाच्या नोंदीत सगळं एकात एक गुंतलंय, दत्तू. ज्या वेळी दोन्ही चालू होते, तिथे एक उघडलं की दुसरं उघडतंच."

"मग माझी ना." दत्तूचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्या बापाचं तोंड लई वंगाळ. आई माहेरी गेली की त्या फोनवरनं त्यानं तिला काय काय सुनावलंय, ते या गावातल्या निम्म्या लोकांनी भिंतीआडनं ऐकलंय. आई गेली. बापबी गेला. बाईंसाठी मी जीव दीन. पण ते जळू दे."

हणमंत काहीतरी समजुतीचं बोलायला उठला, तर आईने हात वर करून त्याला बसवलं, वर्गात बसवायची तसं. मग ती पट्टीतून म्हणाली, "दत्तूचं बरोबर आहे."

सगळं संपलं, असं शरयूला वाटलं. आणि तिथेच, अंगणात उभ्या उभ्या, तिला सकाळ आठवली. प्रार्थना संपायची तेव्हा गावात चिटपाखरू नसायचं. गडी मेंढरं घेऊन माळावर, बाया टँकरच्या रांगेत, घरांना कड्या. तेव्हा फोन कोण उचलणार? प्रार्थनेनंतर काय व्हायचं? हजेरी.

"हजेरीच्या वेळी हवेत दुसरं कुणी नाही," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "सूप तसं दाखवतंय. रोज सकाळचा तेवढाच तुकडा उघडते. बाकीचं सगळं, गोष्टी, कविता, पाढे, सगळं न उघडता जळेल. एवढं मागते."

दत्तूने आईकडे पाहिलं. "हजेरीला माझी हरकत न्हाय," तो म्हणाला. "पण इथंच लाव. सगळ्यांसमोर."

बबनने हात वर केला, मग त्याच्या बायकोने, मग सगळ्यांनी. शरयूने नोंद तारेने शाळेच्या त्याच जुन्या कर्ण्याला जोडली आणि कुलूप उघडलं.

आधी नुसती खरखर. मग घसा साफ केल्याचा आवाज, आणि मग आई. तरुण, जरा घाईतली, शब्दाच्या शेवटी सूर उचलणारी.

"अंकुश विरकर."

आणि शांतता. माईक बाईंच्या गळपट्टीला होता, मुलांची उत्तरं त्यात आलीच नव्हती. नाव घ्यायचं आणि थांबायचं, नाव घ्यायचं आणि थांबायचं, एवढंच त्या नोंदीत होतं.

"हणमंत गोरड."

"हजर, बाई," सरपंच म्हणाला. तो म्हणाला आणि दचकून इकडे तिकडे बघायला लागला. कुणी हसलं नाही.

"लता गोरड."

"हजर, बाई." बबनच्या बायकोचं माहेरही याच गावचं. तिने पदर तोंडाला लावला.

मग एकेक नाव आलं आणि अंगणातून एकेक उत्तर गेलं. काही नावांना उत्तर नव्हतं, ती माणसं पुण्याला, सुरतेला, कुठेकुठे गेली होती. त्यांच्या जागी माळावरचा वारा ऐकू यायचा आणि पुढचं नाव यायचं. उन्हाचा शेवटचा पट्टा शाळेच्या भिंतीवर होता, आणि त्या उजेडात टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं मांडी घालून ताठ बसली होती.

"दत्तू पिसे."

"हजर, बाई."

"संतोष पिसे." थांबणं. "संतोष? दत्तू, भाऊ आला न्हाय का?"

दत्तूचा भाऊ संतोष विहिरीत बुडून गेला त्याला किती वर्षं झाली, ते गावाने मोजायचं सोडलं होतं. ही नोंद त्याच्या आधीची, संतोषला नुसता ताप आला होता तेव्हाची. दत्तू कर्ण्याकडे बघत उभा राहिला. "न्हाय आला, बाई," तो म्हणाला आणि खाली बसला. आईने हात लांब करून त्याच्या पाठीवर ठेवला.

"शरयू काळेल."

शरयू तारेशी उभी होती.

"शरयू काळेल."

अंगणातले सगळे तिच्याकडे बघत होते. तिला बोलताच येईना. कर्ण्यातून बाईंचा कोरडा आवाज आला, "गैरहजर." पेन टेकवल्याचा बारीक आवाज आला. आणि मग, वर्गाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, हसू दाबत, गळपट्टीतल्या माईकलाच काय ते कळेल असं, आई पुटपुटली, "समोर बसलीय आन् बोलत न्हाय. बाय माझी गं ती."

शरयू तिथेच खाली बसली आणि लहान पोरासारखी रडली. ती मान खाली घालून पाटीकडे बघत होती तेव्हा समोर आई हसत होती. रोज.

---

ठरल्या दिवशी होळी झाली. शरयूने स्वतः आज्ञा दिली. आईने शिकवलेल्या सगळ्या कविता, सगळे भागाकार, पावसाळ्यातल्या दुपारी दोन्ही खोल्यांना एकदम सांगितलेल्या गोष्टी, आणि त्यांच्यात गुंतलेलं दत्तूच्या आईचं रडणं, सगळं न ऐकताच गेलं. पडद्यावर काही दिसत नाही अशा वेळी. एक रेघ असते, ती सरकत जाते आणि संपते. तिला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं तरी तिने हात मागे घेतला नाही.

उरलं ते आकाश. त्यावर पळणिटकर मॅडम अहोरात्र बसून होत्या. एका दुपारी त्या शरयूच्या खोलीत धावत आल्या, वयाला न शोभेल अशा. जुन्या नोंदींच्या आलेखात तळाशी एक उथळ खळगा दिसत होता, पहिल्या ताऱ्यांची खूण असावी असा. अजून खात्री करायची होती, आणखी चार वेधशाळांनी होय म्हणायला हवं होतं. पण खळगा होता, आणि तो सगळ्यात स्पष्ट दिसत होता तो सकाळच्या नोंदींत.

शरयूने संध्याकाळी ते आईला सांगितलं. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती.

"माणूस बोलत असतं तेव्हा माईकची लहर सारखी डोलते, आई. तिची नक्कल अवघड. पण माईक चालू असून माणूस गप्प असतं, तेव्हा लहर सरळ असते, ती अलगद उचलून बाजूला ठेवता येते. तू नाव घेऊन थांबायचीस ना, त्या थांबण्यात आकाश सगळ्यात स्वच्छ आलंय. तू काही नासवलं नाहीस."

आईने ऐकून घेतलं. परातीतली भाकरी फिरवता फिरवता ती जराशी हसली.

पट्टीने नवा आवाज ग्रामसभेच्याच आठवड्यात शिकून घेतला होता. आवाज आईचाच, यात शंका नव्हती, पण पट्टी हजेरीवरच शिकली होती. त्यामुळे आईचं प्रत्येक वाक्य नाव पुकारल्यासारखं यायचं. "आमटीत मीठ," असं ती म्हणायची, शेवटी सूर उचलून, आणि थांबायची, जणू मिठाने उत्तर द्यायला हवं. पोरं आता बातम्या म्हणत नव्हती. दारावरून जाताना आईने हाक मारली की ती आपोआप ताठ उभी राहत. पट्टीला गोष्टी देता आल्या असत्या तर हा आवाज गोष्टी सांगू शकला असता, हे शरयूला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. दोघींनी तो विषय काढला नाही.

भाकरी तव्यावर फुगली. आईने हात पुसले, शरयूकडे वळली, आणि एकच गोष्ट जी त्या पट्टीला अगदी बिनचूक, श्वासासकट बोलता येत होती, ती म्हणाली.

"शरयू काळेल."

आणि थांबली.

बाहेर माळावर तारा गुणगुणत होत्या. चुलीतलं लाकूड तडतडलं. आई थांबलीच होती. तिला घाई नव्हती.

"हजर, बाई," शरयू म्हणाली.

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "आत्ता आलीस व्हय?" ती म्हणाली.